वाऱ्याची कणगी

आमच्या गावच्या गिरणीवाल्याने मला थोबाडीत मारली, त्या दिवशी गिरणीत सात बाया आणि दोन म्हातारे दळणासाठी बसले होते. त्यांतला एकेक चेहरा मला आजही आठवतो, कारण सगळे हसले होते. माझी चूक एवढीच की आमच्या बाजरीत आधीच्या माणसाचा मका मिसळला, असं मी बोलून दाखवलं. त्याने पट्ट्यावरचा हात काढला, माझ्या कानाखाली ठेवून दिली आणि म्हणाला, "मेंढरामागं फिरणाऱ्यानं इंजनापाशी शहाणपणा शिकवायचा न्हाई." मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, लग्नाला वर्ष झालं होतं. पीठ तिथंच टाकून घरी आलो. पुढच्या आठवड्यात भरतीचा साहेब विट्याला आला, तेव्हा रांगेत पहिला मी होतो. लोक म्हणाले, पोटासाठी गेला. पोटाला घरी मिळत होतं. मी त्या थोबाडीपायी गेलो.

माझी आई म्हणायची, शिराळ्याचा नाग एक वेळ डूख सोडील, पण माझं हे पोर सोडायचं नाही. ती हे कौतुकाने म्हणायची की भीतीने, ते मी तिला कधी विचारलं नाही.

गाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. नदी नाही, ऊस नाही, विहिरीचं पाणी मचूळ. देवाने आम्हाला भरपूर दिलं ते एकच, वारा. आखाड लागला की माळावर असा वारा सुटायचा की मेंढरं त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची आणि छपरांवर दगड ठेवावे लागायचे. श्रावण-भादव्यापर्यंत तो हटायचा नाही, आणि नवरात्राच्या सुमाराला कुणी दावं सोडून नेल्यासारखा नाहीसा व्हायचा. त्या वाऱ्याचा कुणाला काही उपयोग असेल असं गावाच्या स्वप्नातही नव्हतं.

पलटणीत मला बॅटऱ्या भरायच्या खोपटात टाकलं. आफ्रिकेच्या वाळवंटात तीन वर्षं मी तेच केलं. ट्रकच्या, वायरलेसच्या, डॉक्टरांच्या दिव्याच्या बॅटऱ्या रिकाम्या यायच्या, मी भरून परत पाठवायचो. एकदा एका लांबच्या वायरलेस ठाण्यावर गेलो, तर तंबूबाहेर उंच खांबावर लाकडी पंखा गरगर फिरत होता. पंख्यामागे डायनामो, डायनामोतून खाली आलेली तार, आणि तारेच्या शेवटी बॅटरी. तेल नाही, पेट्रोल नाही. दुपारी वारा पडला, पंखा थांबला, तरी वायरलेस बोलतच होता, कारण सकाळचा वारा बॅटरीत साठला होता. मी तासभर तिथं खुळ्यासारखा उभा होतो. मला आमचा माळ दिसत होता.

वाळवंटाने आणखी एक गोष्ट शिकवली. बारीक वाळू तेलात गेली की भलंभलं इंजिन चार दिवसांत मोडीत निघतं. ही विद्या गावी उपयोगी पडेल असं तेव्हा मनात आलं नव्हतं.

लढाई संपली आणि सहा वर्षांनी मी घरी आलो. पुण्याला लष्कराचं भंगार विकायला काढलं होतं. तिथून मी एका ट्रकचा डायनामो आणि दोन बॅटऱ्या आणल्या. सुताराने सागाच्या फळीचा दोन पात्यांचा पंखा घडवून दिला. तो चार वेळा तासायला लावला म्हणून सुतार माझ्याशी महिनाभर बोलत नव्हता. मेंढवाड्याशेजारी तीन ओंडके उभे करून त्यावर पंखा चढवला. आखाडाचा पहिला वारा आला तसा तो असा घोंघावला की आमची कुत्री घरात पळाली. संध्याकाळी मी बॅटरीला दिवा लावला. माझी बायको दिव्याखाली तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "आवं, खडं दिसाय लागलं की!" इतकं साधं बोलणं, पण मला बिल्ला मिळाल्याहून जास्त आनंद झाला.

बायको कृष्णाकाठची. मी नसताना तिने सहा वर्षं सासूसासरे सांभाळले, आमच्या मचूळ पाण्याला नावं ठेवत पण कुरकुर न करता. तिला मी बॅटरीचं सगळं समजावून सांगायचो, कारण दुसरं कुणी ऐकायला तयार नव्हतं. पेटीत शिशाच्या पट्ट्या असतात, वर झाकणं असतात, आत पाणी असतं, ते आटलं की वरून घालावं लागतं. विहिरीचं चालत नाही. पावसाचं मी धोतराचं पान चार काठ्यांना बांधून बरणीत धरायचो, तेच घालायचं. पेटीला जपलं तर ती माणसाला जपते, असं मी तिला सांगायचो. त्या पाण्यात कातडं जाळणारा तेजाब असतो, हे सांगितलं की नाही ते मात्र आठवत नाही. शिकवणाऱ्याला वाटतं, आपण सगळं सांगितलं.

गावात चर्चा झाली. चावडीवर गिरणीवाला मांडी घालून बसला होता. तेलाच्या रेशनमुळे त्याचं इंजिन आठवड्यातून दोनच दिवस चालायचं, त्यामुळे त्याला चावडीवर बसायला वेळच वेळ होता. मला बघून तो म्हणाला, "काय रं, वारा कणगीत भरतो म्हणं तू? जपून, गड्या. उंदीर लागतील."

चावडी हसली. तेच हसणं, तीच माणसं, सहा वर्षांनी फक्त केस पिकलेले. त्या दिवसापासून गावाने माझं नाव कणगी ठेवलं. मेंढरं राखणारी पोरंसुद्धा लांबून "कणगीऽ" अशी आरोळी देऊन पळायची.

मी म्हणालो, "दसऱ्याला या देवळात. त्या दिवशी माळावर वारा नसतो, सगळ्यांस्नी ठावं हाय. श्रावणातल्या वाऱ्यावर बिरोबाच्या गाभाऱ्यात दिवा लावून दाखवतो."

"आन न्हाई लागला तर?"

"न्हाई लागला तर पंखा उतरून तुमच्या चुलीत घालीन."

एवढं बोलायची गरज नव्हती. पण माझ्या कानाखाली सहा वर्षांपूर्वीचं ते अजून तापलेलं होतं. त्या दिव्यावर मी नुसता पंखा लावला नव्हता. सहा वर्षांची माझी पत लावली होती.

श्रावण चांगला गेला. दोन्ही बॅटऱ्या तुडुंब भरल्या. बॅटरीतलं पाणी ओढून बघायला माझ्याकडे काचेची पिचकारी होती, तिच्यात एक नळी तरंगते, पाण्यात तेजाबाचं बळ असलं की ती वर येते. दोन्ही पेट्यांत नळी पार वर येत होती. नवरात्रात मी पंखा बांधून ठेवला, पेट्या ओसरीवर काढल्या आणि मोठा दिवा अन् तार आणायला मिरजेला गेलो. जाऊन येऊन दोन दिवस लागले.

दसऱ्याच्या दुपारी परत आलो तर पेट्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची माळ. आदल्या दिवशी खंडेनवमी झालेली. त्या दिवशी घरोघरी हत्यारं धुऊन पुजायची रीत आहे. ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार. आमच्याकडे लोकर कातरायच्या कातरी, कुऱ्हाड, विळे धुऊन ओळीने मांडले होते आणि त्याच ओळीत बायकोने माझ्या पेट्या मांडल्या होत्या. गाव हसत होतं, पण माझ्या घरात माझ्या कामाला हत्यार मानलं होतं.

"धुतल्या व्हय गं?"

"व्हय. लय चांगल्या धुतल्या," ती म्हणाली आणि लाजून आत गेली.

वेळ नव्हता. पेट्या गाडीत घालून तसाच देवळात गेलो. पालखी सीमोल्लंघनाला निघायच्या आधी दिवा लावायचं ठरलं होतं. दिवस मावळतीला टेकला होता, झाडाचं पान हलत नव्हतं. अख्खं गाव देवळात. गिरणीवाला खांबाला टेकून उभा, शेजारी त्याचा धाकटा भाऊ. मी तारा जोडल्या आणि बटण दाबलं.

दिव्यातली तार निखाऱ्यासारखी लाल झाली. नुसती लाल. मग ती विझली.

मी तारा काढून परत जोडल्या, उलट्या जोडल्या, दिवा बदलला. मागून कुणीतरी म्हणालं, "उंदीर लागलं रं." मग जे हसू फुटलं ते पुजाऱ्याला सुद्धा आवरेना. देवाच्या दारात, सणाच्या दिवशी, माझं नाक कापलं गेलं. बायको बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती एकटी हसत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मला वाटलं, माझ्या दुःखाने पडला.

दुसऱ्या सकाळी मी पंखा उतरवला आणि खांद्यावर टाकून गिरणीवाल्याच्या दारात नेला. बोललेला शब्द होता. त्याने पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "न्हे घरी. माझ्याकडं जळण हाय." दारात चार माणसं होती, तीही हसली. मारणाऱ्यापेक्षा दया दाखवणाऱ्याचा राग जास्त येतो, हे मला त्या दिवशी कळलं. पंखा परत खांद्यावर घेऊन मी त्याच गल्लीतून आलो.

घरी येऊन पिचकारी लावली. नळी तळाला बसली. दुसऱ्या पेटीतही तळाला. आत तेजाब नव्हताच, नुसतं पाणी होतं. म्हणजे कुणीतरी पेट्या ओतून रिकाम्या केल्या होत्या आणि वर पाणी भरलं होतं, झाकणं परत नीट आवळून. हे अडाण्याचं काम नव्हतं. पंचक्रोशीत बॅटरीतलं कळणारी दोनच माणसं होती, एक मी आणि दुसरा गिरणीवाला. तालुक्याच्या डॉक्टरच्या रेडिओची बॅटरी तो आपल्या इंजिनावर भरून द्यायचा. त्याच्याकडे तेजाबाची बरणीही होती.

मी अंगणात उभा राहून ओरडलो, "ज्यानं ह्या पेट्यांना हात लावला त्याचा हात मी खांद्यापासनं तोडीन. सख्खं असो का परकं." मग बायकोला विचारलं, "खंडेनवमीला घरी कोण आलं हुतं?"

ती उंबऱ्यात उभी होती. मग खाली बघत म्हणाली, "गिरणीवालं आलं हुतं दुपारचं. पेट्यांकडं बघत उभं ऱ्हायलं. मग गेलं."

मला तेवढं पुरेसं होतं.

उट्टं कसं काढलं ते सांगायला मला लाज वाटायला हवी. खरं सांगायचं तर लिहितानासुद्धा थोडी मजा वाटते. मी घाई केली नाही. दिवाळी जवळ येऊ दिली, कारण दिवाळीच्या तोंडावर गिरणीत दळणाचे ढीग लागतात आणि त्याने त्या दिवसांसाठी महिनाभर तेल राखून ठेवलं होतं. ओढ्यातली वाळू आणून मी घरातल्या पिठाच्या चाळणीने चाळली, मग फडक्यातून गाळली. हाताला पिठासारखी लागेपर्यंत गाळली. सोमवारी गिरणी बंद असायची आणि तो विट्याच्या बाजाराला जायचा. भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, मी गिरणीमागचा सैल पत्रा सरकवून आत गेलो. तेलाच्या झारीत मूठभर वाळू टाकली. इंजिनावरच्या तेलाच्या कपांत चिमूट चिमूट टाकली आणि काडीने ढवळली. हात धोतराला पुसले, पत्रा जागेवर लावला आणि घरी येऊन पोटभर जेवलो.

मंगळवारी इंजिन चालू झालं. त्याचा पुक पुक आवाज साऱ्या गावाला ऐकू यायचा. मी मेंढवाड्याच्या दगडी गडग्यावर बसून ऐकत होतो. तासाभराने त्या आवाजात एक करकर आली. पितळ घासल्याची. गिरणीवाल्याला ती कळली असावी, कारण त्याने तेल वाढवलं. त्याच झारीतलं तेल. करकरीची किंकाळी झाली आणि मग दणका बसून सगळं गप्प झालं. अख्ख्या लढाईत मला इतकं समाधान झालं नव्हतं. मी गडग्यावर बसून एकटाच हसलो, आणि सात बाया अन् दोन म्हातारे, सगळ्यांच्या वाटचं हसलो.

इंजिन विलायती. दांड्याला बोटभर चरे पडलेले. लढाईनंतर सुटे भाग मिळत नव्हते, मिळाले तरी वर्ष लागलं असतं. गिरणी बसली. गावातल्या बायकांनी अडगळीतली जाती काढली. पहाटे घरोघरी घरघर सुरू झाली, माझ्या घरातही. बायकोच्या हाताला फोड आले. गावातल्या बाया पाणवठ्यावर म्हणायच्या, ज्यानं हे केलं त्याचं हात झडू देत. बायको घागर भरायची आणि काही न बोलता घरी यायची. ती अलीकडे अबोल झाली होती. मी म्हटलं, थकली असेल.

मार्गशीर्षात गिरणीवाल्याने इंजिन मोडीत काढलं. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्या दारात आला. खांद्यावर गवतात बसवलेली तेजाबाची बरणी होती. ती ओसरीवर ठेवून म्हणाला, "माधवनगरला निघालोय. गिरणीत काम मिळतंय, कापडाच्या. हे आता माझ्या काय उपेगाचं न्हाई. तुझ्या पेट्यांचं कुणी वाटुळं केलं ठावं न्हाई. पर पंखा बरा केलतास तू. ह्यो भर त्यात."

मी बरणीला हात लावला नाही, त्याला बसही म्हणालो नाही. तो वळल्यावर मनात म्हणालो, चोराच्या मनात चांदणं. अपराध बोचतोय म्हणून प्रायश्चित्त घेऊन आलाय. तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. मग त्याचाच तेजाब मी माझ्या पेट्यांत भरला. एक पेटी पार मेली होती. दुसरी, पंखा परत चढवल्यावर, थंडीतल्या तुरळक वाऱ्यावर हळूहळू उठली.

माघात त्याची आई वारली. ती गावातच धाकट्याकडे राहायची. माधवनगरला माणूस पाठवला होता. आम्ही दिवस कलेपर्यंत मयत थांबवलं. थोरला आला नाही. धाकट्यानेच सगळं केलं. लोक म्हणाले, काय हे काळीज.

चैत-वैशाखात आमच्याकडे बाया वाकळा शिवायला बसतात. घरातली जुनी लुगडी काढायची, एकावर एक अंथरायची आणि दोरा घालायचा. एका दुपारी बायको अंगणात लुगडी अंथरत होती. मी लिंबाखाली कातरी पाजळत होतो. वाऱ्याने एक लुगडं उडून माझ्या पायाशी आलं. उचललं तर गुडघ्याच्या जागी चाळणी झालेली. बारीक बारीक भोकं, कडेला पिवळसर, आणि पदराच्या टोकाचा कपडा बोटाने दाबला की भुगा होत होता. आफ्रिकेतल्या खोपटात आम्हा सगळ्यांच्या खाकी विजारी अशाच असायच्या. तेजाबाचे थेंब उडाले की कपडा लगेच काही दाखवत नाही. धुतला की चाळणी होते.

मी ते लुगडं तिच्यासमोर धरलं. ती सुई हातात घेऊन बसली होती. ती सुई तिने कापडात टोचून ठेवली.

"हत्यारं धुवायची हुती," ती म्हणाली. "झाकणं काढून बघितलं तर आत आंबट घाण वास. म्हटलं, मेल्या बरणीतल्या शिळ्या पाण्यानं असं झालं. उकिरड्यावर न्हेऊन आडव्या केल्या, ओतल्या. मी म्हायारनं किष्णेचं पाणी आणल्यालं, गडूत, लाखंनं बंद केल्यालं. अडीच तीन तांबं. ते भरलं. उरलं तिथं बरणीतलंच, दुसरं न्हवतं म्हणून. म्हटलं, देवाच्या दिव्याला देवाचं पाणी. हाताची लय आग झाली, म्हटलं असंल. गिरणीवालं आलं हुतं ते खरं, पर पेट्यांना हात न्हाई लावला त्येंनी."

"आन मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी म्हणाला, हात तोडीन. सख्खं असो का परकं."

ऊन रखरखत होतं. मी म्हणालो, "तुझ्यापायी मी त्या माणसाचं..." आणि थांबलो, कारण वाळूचं तिला माहीत नव्हतं असं मी समजत होतो.

"ठावं हाय," ती म्हणाली. "चाळणीत वाळू सापडली हुती मला. दिवाळीच्या आधी. तुमच्या धोतराला तेल हुतं, ते बी मीच धुतलं." तिने सुई परत उचलली. "मी माझं झाकलं. तुमचं बी झाकलं. मग ऱ्हायलंच काय बोलायला?"

मला तिचा राग आला का? आला. इतका आला की मी उठून माळावर गेलो. राग आला की तो कुणावर तरी टाकायचा, ही माझी आयुष्यभराची सवय. तिच्यावर टाकून बघितला, टिकेना. देवाचं पाणी भरणाऱ्या बाईवर किती वेळ रागावणार? मग गिरणीवाल्याची थोबाडीत आठवून बघितली. ती आठवली, पण तिच्या पाठोपाठ ती तेजाबाची बरणी आठवायची, गवतात बसवलेली, त्याने खांद्यावरून आणलेली. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी मी माधवनगरची वाट धरली.

तो कापडाच्या गिरणीत यंत्रांना तेल घालायचं काम करत होता. पाळी सुरू व्हायला अजून वेळ होता. तो गिरणीच्या फाटकाजवळच्या हॉटेलाबाहेर बाकड्यावर बसला होता, शेजारी लांब नळीची झारी. अंगाने निम्मा झाला होता. मला बघून त्याला खराच आनंद झाला. गावचं माणूस आलं म्हणून त्याने दोन चहा सांगितले. बोलता बोलता त्याने झारी तिरकी करून बोटावर तेल घेतलं आणि अंगठ्याने चोळून बघितलं. मग पुन्हा बघितलं. ही त्याची आता सवय झाली असावी, त्याला ते कळतही नव्हतं. मी चहाचा पेला खाली ठेवला.

"पेट्या उठल्या का रं?" त्याने विचारलं.

"एक उठली."

"चांगलं झालं." तो थोडा पुढे सरकला. "माझं इंजन कसं गेलं, ठावं हाय तुला? वाळू. तेलात वाळू टाकली. आन कुणी टाकली ते बी मला ठावं हाय."

मला वाटलं, आता हा माझं नाव घेणार. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"माझ्या सख्ख्या भावानं," तो म्हणाला. "गिरणीत वाटा मागत हुता, मी दिला न्हाई. मागचा पत्रा सैल हाय हे त्यालाच ठावं हुतं. पर मी बी सोडला न्हाई त्याला. विहिरीतला माझा हिस्सा त्याच्या वैऱ्याला दिऊन टाकला. आता बसलाय कोरड्या मळ्यात. आई गेली तवा निरोप आला हुता. न्हाई गेलो. त्याच्या बरुबर खांदा द्यायचा? आईला बी म्हटलं, तू त्याच्या घरात ऱ्हायलीस, जा आता त्याच्याच खांद्यावनं."

हे सांगताना त्याचे डोळे चमकत होते. ती चमक मला चांगली माहीत होती. गडग्यावर बसून मी इंजिन ऐकत होतो, तेव्हा माझेही डोळे असेच असणार.

मी म्हणालो, "आवं, वाळू मी टाकली."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला. "तू? तुला मी तेजाब दिऊन आलो की."

"तेजाब मागनं दिला. वाळू आधी टाकली. मला वाटलं, पेट्या तुमी बिघडवल्या. त्या माझ्याच घरात बिघडल्या हुत्या, मला नंतर कळलं. ओढ्यातली वाळू, पिठाच्या चाळणीनं चाळल्याली. सोमवारी दुपारी. झारीत मूठभर आन कपांत चिमूट चिमूट. बिरोबाची आण."

त्याचं हसू हळूहळू गेलं. त्याने झारीतलं तेल पुन्हा बोटावर घेऊन चोळलं. मला वाटलं, पटलं. आता मारील. माझी तयारी होती. त्याने मारावं असं मला मनापासून वाटत होतं.

"भावानं धाडलं व्हय तुला?" तो म्हणाला.

"न्हाई! कुणी न्हाई धाडलं..."

"त्यानंच सांगितलं असणार तुला समदं. चाळणीनं चाळली, चिमूट चिमूट टाकली. स्वता येऊन तोंड दाखवायची छाती न्हाई म्हणून गरीब माणूस म्होरं केला." तो उठला. त्याचा आवाज चढला नव्हता. "देवाची खोटी आण घिऊ नगंस, गड्या. तुझ्यासारख्याला शोभत न्हाई. आन त्याला सांग, विहीर परत मिळायची न्हाई. मेलो तरी मिळायची न्हाई."

गिरणीचा भोंगा वाजला. त्याने झारी उचलली, माझ्या चहाकडे बोट दाखवून "पिऊन जा" म्हणाला आणि फाटकाकडे निघाला. मी त्याच्या मागे धावलो. पाळीला येणाऱ्या माणसांच्या गर्दीत तो शिरत होता. मी ओरडलो, "मीच टाकली! आवं, ऐका, मीच टाकली वाळू! तुमचा भाऊ न्हवं!" त्याने मागे वळून बघितलं नाही. तो आत गेला आणि गर्दी त्याच्यामागे बंद झाली. मी तरी ओरडतच होतो.

डबे घेऊन आलेली माणसं थबकून माझ्याकडे बघायला लागली. त्यांतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "दुपारीच घेतलीय जणू," आणि सगळे हसले.